तुळईची कडी

जुलैचा दुसरा आठवडा होता. सकाळी सातलाच मामांचा फोन आला. "ताई, वरून पाणी यायलंय. मिक्सरच्या दोन मोटरी भिजल्या. जरा येऊन बघा वो."

मामा म्हणजे बेळगावात गणपत गल्लीच्या आतल्या अंगाला आमची जी जुनी इमारत आहे, तिथले भाडेकरू. नातं काही नाही, पण लहानपणापासून मी त्यांना मामाच म्हणते. टिळकवाडीहून रिक्षा करून गेले. माडीवर चढले तर आढ्याचं लाकूड एका टोकाला कुजून खाली बसलेलं, चार वासे सुटलेले, आणि मधल्या फटीतून आभाळ दिसत होतं. खाली मामांनी दुकानभर बादल्या मांडल्या होत्या.

त्याच आठवड्यात एक बिल्डर भेटून गेले. गृहस्थ चांगले होते, घाई केली नाही. म्हणाले, पाडून तीन मजली काढू, खाली चार गाळे, वर ऑफिसं, तुमच्या घराण्याला एवढे टक्के. पुण्यातल्या माझ्या भावाला ते पटलं. मलाही त्या दिवशी पटलं होतं, हे इथं सांगायलाच हवं. दर पावसाळ्यात कौलं परतून घ्यायला माणूस मिळत नाही, भाडं हजारातसुद्धा धड येत नाही, आणि मी एकटी इथं. मी हो म्हणाले आणि कागद गोळा करायला लागले. पुढची अडीच वर्षं गेली ती त्या कागदांत. इमारत आज उभी आहे तीही त्या कागदांमुळेच.

पहिला कागद सिटी सर्व्हेचा उतारा, ज्याला आपल्याकडे सगळे पीआर कार्ड म्हणतात. मुंबई इलाख्यातून आलेल्या आपल्या भागात शहरातल्या जागेला सीटीएस, म्हणजे सिटी सर्व्हेचा, नंबर असतो आणि त्या नंबरावर हे कार्ड निघतं. आमच्या कार्डावर वरच्या ओळी इंग्रजीत, मधे कुणीतरी मोडी वळणाच्या मराठीत लिहिलेली एक नोंद, आणि त्याखाली सगळं कन्नड. कन्नड मला बोलता येतं. छापील वाचताही येतं, त्याचं कारण पुढं सांगते. पण हातानं लिहिलेली सरकारी कन्नड वाचताना मी पार थकून गेले. शेवटी शाळेतल्या एका जुन्या सहकारी बाईंनी, ज्यांचं माहेर गोकाककडचं, शेजारी बसून अक्षर न् अक्षर लावून दिलं.

कार्डावर मालक म्हणून नावं होती आजोबांची आणि त्यांच्या तीन भावांची. चौघंही केव्हाच गेले. त्यांच्यानंतर कुणी वारसनोंदच केली नव्हती. भाडं येत होतं, घरपट्टी भरली जात होती, म्हणून कुणाला गरज वाटली नाही. आपल्या बाजारपेठेतल्या निम्म्या जुन्या इमारतींची गत हीच असणार असं मला वाटतं. विकायला, पाडायला, कर्ज काढायला, एवढंच काय नीट दुरुस्ती करायलाही, आधी जिवंत माणसांची नावं कागदावर लागतात.

वंशावळ काढली तेव्हा वारस निघाले सतरा. नाडकचेरीतून, म्हणजे इथल्या महसूल कार्यालयातून, वंशावळीचा दाखला, चौघांचे मृत्यूदाखले, त्यांच्या मुलांपैकी गेलेल्यांचे दाखले. एक काका चंदगडला वारले, एक काकू कोल्हापुरात. ते दाखले मराठीत, म्हणजे भाषांतर आणि त्यावर नोटरी. बेळगावहून चंदगड एसटीनं दीडदोन तासांचं, लग्नाकार्याला आम्ही सकाळी जाऊन रात्री परत येतो. पण दाखला तिकडून इकडं यायला महिना लागला. मधल्या काळात एका कार्यालयात माझी फाइल चार महिने एकाच टेबलावर होती. "नाळे बर्री, अक्का," उद्या या, एवढंच उत्तर. तिथल्या शिपायानं एकदा मला खुर्ची आणून दिली, पाणी दिलं, ते मी विसरणार नाही.

आत्यांची नावं घालायचा विषय निघाला तेव्हा घरात कुरबुर झाली. ती मला सहन झाली नाही. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांसारखा वाटा देणारी दुरुस्ती १९९४ सालीच झाली होती, गंमत म्हणजे महाराष्ट्रात आणि कर्नाटकात एकाच वर्षी. पण आधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. २००५ च्या केंद्राच्या कायद्यानं तो अडसर गेला. आमच्या वकिलांनी सांगितलं, आत्यांचा हक्क बापाच्या मागं वारस म्हणून तसाही होताच, तुम्ही विचारलं नाही एवढंच. कोवाडजवळच्या गावात राहणाऱ्या मोठ्या आत्यांकडे मी सह्यांचे कागद घेऊन गेले. ब्याऐंशीव्या वर्षी त्यांनी चष्मा पुसून नाव लिहिलं आणि विचारलं, "पाडणार काय गं? आणि ती कडी?"

ती कडी मला आठवत होती. पण ती कशाची, हे मी कधी विचारलं नव्हतं.

दुकानात शिरलं की डोक्यावर जी मोठी सागवानी तुळई आहे, तिच्या मधोमध अंगठ्याएवढ्या जाड लोखंडाची एक कडी आहे. खालच्या बाजूनं ती आतून झिजलेली आहे. बोट फिरवलं की खोबण लागते. आत्या म्हणाल्या, तिथं तराजू टांगायचा. माणूस बसेल एवढ्या पारड्यांचा. इथं गूळ आणि भाताची अडत होती, म्हणजे शेतकऱ्यांचा माल दलालीवर विकून द्यायचा धंदा. खानापूर, चंदगड, हुक्केरीकडच्या गाड्या पहाटे रविवार पेठेच्या तोंडाशी लागायच्या आणि पोरं पारड्यात बसायला धावायची. आत्यांचं लहानपणचं वजन त्या काट्यावर झालेलं.

परत आल्यावर मी माळ्यावर चढले. तिथं एक पेटारा होता आणि त्यात लाल खारव्यात बांधलेल्या चोपड्या. रोजकीर्द, खतावणी. जुन्या मोडीत, नंतरच्या बाळबोध अक्षरात. मोडी वाचणारे एक वयस्कर गृहस्थ शहापुरात आहेत. त्यांच्याकडे मी तीन महिने दर शनिवारी गेले. घराच्या विक्रीसाठी याची काडीइतकी गरज नव्हती. पण थांबता येईना.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही १९५६ च्या दिवाळीला सुरू झालेल्या चोपडीवर घालवला. त्या वर्षी १ नोव्हेंबरला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं, आणि ते दिवस नेमके दिवाळीचे होते. म्हणजे वहीपूजन होऊन नवी चोपडी उघडली तीच नव्या राज्यात. जुन्या चोपडीत १ नोव्हेंबरच्या तारखेसमोर आजोबांनी दोनच शब्द लिहिलेत, दुकान बंद. त्यापुढं त्या विषयावर काही नाही. पुढची पानं गुळाच्या ढेपांची. त्याच डिसेंबरात वजनमापांचा कायदा झाला, आणि १ एप्रिल १९५७ ला नये पैसे आले, म्हणजे सोळा आण्यांचा रुपया शंभर पैशांचा झाला. त्या पानाच्या समासात आजोबांनी बारीक अक्षरात कोष्टक करून ठेवलंय: एक आणा म्हणजे सहा, दोन आणे बारा, तीन आणे एकोणीस, चार आणे पंचवीस. तीन आण्यांखाली त्यांनी रेघ मारली आहे. सहा, बारा नि मग एकदम एकोणीस, तिथं गिऱ्हाईक भांडत असणार. पुढं काही वर्षांनी मण-शेर जाऊन क्विंटल-किलो आले. एका माणसाच्या दुकानात पाचसहा वर्षांत राज्य, नाणं आणि वजन, तिन्ही बदललं, आणि कडी तीच राहिली. त्या शनिवारी घरी येताना मला पहिल्यांदा वाटलं की ही इमारत पाडायला नको.

अडत का गेली, तेही चोपडीतच दिसतं. १९६६ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यात बाजार समित्यांचा कायदा आला, शेतमालाचा घाऊक व्यवहार हळूहळू बाजार समितीच्या आवारात जायला लागला. आजोबांनी तिकडं गाळा घेतला नाही. वय झालं होतं. चोपडीत नोंदी विरळ होत जातात आणि मग एका पानावर पहिल्यांदा भाड्याची रक्कम येते. अडत्याचे आम्ही घरमालक झालो ते त्या पानावर.

तो भाडेकरू सायकलवाला होता. तासावर सायकली भाड्यानं द्यायच्या, पंक्चर काढायचं. बेळगावात सायकलीच्या दुकानाला मान आहे, कारण लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली इथंच सायकलींपासून सुरुवात केली. नंतर नांगर आले, मग त्यांना जागा सोडावी लागली आणि औंधच्या संस्थानात १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्यांच्या नावाचा रस्ता आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. आमच्या सायकलवाल्याकडे हाताखाली होता चौदा वर्षांचा एक मुलगा. तो म्हणजे मामा. दुरुस्तीची सायकल ते साखळीनं त्याच कडीला टांगायचे. पुढं सायकली गेल्या, मामांनी दुकान स्वतःच्या नावावर घेतलं आणि स्टोव्हची रिपेरी सुरू केली. मग गॅसच्या शेगड्या, मग कुकर आणि मिक्सर. ते म्हणतात, "मी धंदा बदलला नाही ताई. लोकांच्या घरातल्या वस्तू बदलल्या."

मागच्या खणात छापखाना होता. पायानं चालवायचं ट्रेडल मशीन, छपाईच्या अक्षरांच्या खिळ्यांचे लाकडी खण भिंतभर. लग्नपत्रिका हाच मुख्य धंदा, आणि आमच्या गावच्या पत्रिका बहुतेक वेळा दोन्ही भाषांत, कारण सोयरीक दोन्हीकडे. जमिनीच्या फरशीत अजून चार बोल्टांची भोकं आहेत. तो खण नंतर पंधरा वर्षं गोदाम होता, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

माडीवर टायपिंग इन्स्टिट्यूट होती आणि मी तिथं शिकले. मॅट्रिकनंतर सकाळी सहा ते सात. खिडकीकडे इंग्रजी मशिनं, मधे मराठीची, आणि जिन्याजवळ कन्नडची. सर सांगायचे की आधी दोनच भाषा होत्या. १९६३ साली कन्नड राज्यभाषा झाल्याचा कायदा आला आणि नोकरी हवी असलेल्या मराठी मुलांनी स्वतःहून विचारायला सुरुवात केली, सर, कन्नड मशीन कधी आणताय? मी ती अक्षरं पाटीवर नाही, कळांवर शिकले. आधी बोटांना कळली, मग डोळ्यांना. म्हणून छापील कन्नड वाचता येतं. आमच्या घरात सीमाप्रश्नावर रोज बोलणं व्हायचं, अण्णा, म्हणजे माझे वडील, सत्याग्रहाला गेलेले. त्यांना मी कन्नड मशिनवर बसते हे आवडणार नाही अशी भीती होती. एकदा ते जिना चढून आले, माझ्या मागं उभे राहिले, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, "ताल बरोबर नाही. सगळी बोटं वापर." तेवढंच. कॉम्प्युटर आल्यावर इन्स्टिट्यूट बंद पडली. माडी वीस वर्षं रिकामी राहिली, आणि रिकामी राहिली म्हणूनच आढं कुजलं असं माझं ठाम मत आहे. रोज माणसं असती तर पहिलं कौल फुटलं तेव्हाच कुणीतरी ओरडलं असतं.

मी भावाला फोन करून सांगितलं की मला पाडायचं नाही. तो चिडला. भावनेवर घर चालत नाही, म्हणाला. मग मी त्याला पटणारी गोष्ट शोधली, आणि ती इंजिनिअरनं दिली. नवं बांधायचं तर रस्त्यापासून आत सरावं लागतं. बाजूंनीही जागा सोडावी लागते. आमची दर्शनी रुंदी जेमतेम अकरा-बारा फूट. सोडायची तेवढी सोडून उरलेल्या जागेत जिना बसवला की गाळा राहतो कुठं? दुरुस्ती केली तर भिंती आहेत तिथं राहतात. भाऊ दोन दिवसांनी बोलला, "कर मग. माझे दोन लाख धर."

परवान्याच्या वेळी मापं जुळेनात. जुन्या खरेदीखतात लांबी हातात, कार्डावर चौरस यार्डात, घरपट्टीच्या कागदावर चौरस मीटरमध्ये, आणि तिन्हींचा मेळ नाही. खत काळजीपूर्वक वाचल्यावर कळलं की पणजोबांनी मोजणी पुढच्या पायरीपासून धरली होती आणि ती पायरी आता गटारीखाली आहे. मोजणी करून घेतली, फरक लेखी मान्य केला. माझ्यासारखं कुणी या वाटेनं निघालं असेल तर सांगते, हे काम पहिल्या महिन्यात करा. बोजा आहे की नाही याचा दाखलाही तेव्हाच काढा. कर्नाटकच्या नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवर अर्ज करता येतो, व्यवहार सापडले तर नमुना १५ मिळतो, नाही तर १६. पण जुन्या नोंदींसाठी प्रत्यक्ष जावंच लागतं.

काम डिसेंबरात काढलं. भिंती जांभ्याच्या, दीड फूट जाड, आणि कमरेएवढ्या ओलीनं काळ्या पडलेल्या. ऐंशीच्या दशकात कुणीतरी त्यांना सिमेंटचा गिलावा केला होता, मजबुतीसाठी. खानापूर तालुक्यातून आलेल्या मिस्त्रींनी भिंतीवर हात ठेवून सांगितलं, दगडाला श्वास नाही. जांभा पाणी पितो आणि उन्हात सोडून देतो. चुन्याचा गिलावा त्याला सोडू देतो, सिमेंट कोंडून ठेवतं. सगळं सिमेंट छिन्नीनं काढलं. मग त्यांनी दोन महिने भिंतीला हातच लावू दिला नाही, वाळू दे म्हणाले. तोवर मागच्या अंगणात खड्डा करून चुना विरवून ठेवला, वर कायम चार बोटं पाणी. फेब्रुवारीत तो लोण्यासारखा झाला. त्यात वाळू आणि विटेची भुकटी, थोडं गुळाचं पाणी. गुळाच्या अडतीच्या भिंतीत परत गूळ चाललाय हे बघून मी मिस्त्रींसमोर रडले. त्यांनी काही विचारलं नाही, माझ्या हातात थापी दिली आणि एक हात मारायला लावला.

दर्शनी चौकटीवरचं सिमेंट निघालं तेव्हा खाली जांभ्यात कोरलेली अक्षरं निघाली, श्री लक्ष्मी प्रसन्न. कुणाला माहीत नव्हती. मामांना नवी पाटी करायचीच होती, कारण २०२४ च्या कायद्यानं पाटीवर साठ टक्के कन्नड हवी. त्यांनी ती केली, वर मोठी कन्नड, खाली मराठी, आणि कोरलेली अक्षरं झाकली जाऊ नयेत म्हणून पाटी हातभर खाली घेतली.

कौलं उतरवताना काहींच्या पाठीवर बासेल मिशन या स्विस मिशनरी संस्थेचा छाप दिसला. मंगळूरला त्यांचा कौलांचा कारखाना १८६५ साली निघाला, पहिल्या महायुद्धानंतर तो त्यांच्या हातात राहिला नाही. म्हणजे आमचं छप्पर निदान तेवढं जुनं. एक तृतीयांश कौलं फुटली होती. तशीच जुनी कौलं मिळाली ती शहापुरात पाडल्या जाणाऱ्या घरांची. ढिगातून ती निवडून घेताना मला बरं वाटलं नाही.

तुळईचं भिंतीतलं टोक कुजलेलं निघालं. सुतार म्हणाले, पूर्ण बदलू, लोखंडी गर्डर घालू, स्वस्त पडेल. मामा तिथंच उभे होते. "कडी काढू नका म्हणा वो त्यास्नी," ते मला म्हणाले, सुतारांना नाही. शेवटी कुजलेले दोन फूट कापून जुन्या सागवानाचा सांधा दिला, लोखंडी पट्ट्यांनी आवळला. आठ दिवस जास्त गेले.

एकूण खर्च साडेअकरा लाख. सतरा वारसांपैकी नऊ जणांनी पैसे दिले, आत्यांनी पहिले दिले. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाला आलेली माणसं आमच्या माडीवर उतरली होती असं घरात सांगतात, आणि दर्शनी भागावर तशी फरशी बसवावी असं एका चुलतभावाला फार वाटत होतं. अधिवेशन झालं, गांधीजी अध्यक्ष होते, टिळकवाडीत काँग्रेस विहीर अजून आहे. पण आमच्या माडीबद्दल चोपडीत एक ओळ नाही. मी फरशी बसवू दिली नाही. जे नोंदलंय तेच पुरेसं आहे.

माडी दोन मुलांनी अभ्यासिकेसाठी भाड्यानं घेतली. स्पर्धा परीक्षेची पोरं सकाळी सहाला जिना चढतात, ज्या वेळेला मी चढायचे. त्यांना एसी हवा होता, पाइपसाठी भिंतीला भोक हवं होतं. नव्या चुन्याला भोक पाडायचं माझ्या जिवावर आलं होतं. मग जिन्याजवळ इन्स्टिट्यूटच्या जुन्या विजेच्या तारेचं भोक सापडलं, ते थोडं मोठं केलं.

परवा संध्याकाळी मामांकडे गेले होते. ते आता फुटके कुकर आणि जुनी अल्युमिनियमची भांडी वजनावर विकत घेतात. एक बाई पिशवी घेऊन आल्या. मामांनी खणातून लटकवायचा इलेक्ट्रिक काटा काढला, स्टुलावर चढून त्याचा आकडा कडीत अडकवला आणि पिशवी टांगली. आम्ही तिघंही वर बघत उभे होतो.

"तीन किलो चारशे," मामा म्हणाले.